टाचदुखीसाठी इनसोल कुठले घ्यावेत?

धागाकर्ती
नमस्कार मंडळी. मी शाळेत शिकवते, रोज पाच-सहा तास उभं राहावं लागतं. चार महिन्यांपासून उजवी टाच दुखतेय. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखी कळ येते, भिंत धरून मोरीपर्यंत जावं लागतं. दहा-पंधरा पावलांनी पाय मोकळा होतो, पण शाळा सुटेपर्यंत पुन्हा ठणका. डॉक्टरांनी प्लांटर फॅशिआयटिस (तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं) सांगितलंय, एक्स-रेत टाचेचं हाडही थोडं वाढलेलं दिसलं. मेडिकलमधून सिलिकॉनचे हील कप आणले, पण सँडलमध्ये ते मागून निसटतात. पायाच्या मापाचे इनसोल (बुटात घालायचे सुटे तळ) करून घेऊ का? दोन हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

प्रतिसाद १
ताई, हाड वाढल्याची धास्ती घेऊ नका. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते दिसतं. दुखतो तो टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा जाड पट्टा.

मी दोन वर्षांपूर्वी यातूनच गेले. आधी एका दुकानात मशीनवर उभं करून, संगणकावर रंगीत पाऊल दाखवून महागडे इनसोल माझ्या गळ्यात मारले होते. नंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलं की साध्या टाचदुखीत बहुतेकांना तयार इनसोलही मापाच्या इनसोलइतकेच उपयोगी पडतात. तेव्हा आधी तयारच घ्या. इनसोलवर तळव्याच्या कमानीखाली येणारा जो उंचवटा असतो, त्यावर अंगठा जोरात दाबून बघा. लगेच सपाट झाला तर तुमच्या वजनाखाली काय टिकणार? मऊ म्हणजे चांगला, हा समज मलाही नडला. माझ्या पहिल्या जोडीत महिन्याभरात टाचेखाली बोटभर खळगा पडला होता.

बुटातलं मूळचं अस्तर काढून मग इनसोल घाला, नाहीतर बोटं चेपतात. दुखतो एकच पाय, तरी दोन्ही पायांत घाला. आणि पहिल्या दिवशी तास-दीड तासच, मग हळूहळू वाढवा.

प्रतिसाद २
वरच्या सगळ्याला +१. पण ताई, घरी काय घालता? माझ्या बायकोचं दुखणं इथेच अडलं होतं. शाळेत सहा तास इनसोल, आणि घरी आल्यावर चपला दाराबाहेर. मग ओट्यापाशी दोन तास, देवपूजा, कपडे वाळत घालणं, सगळं टाइल्सवर अनवाणी. बुटातल्या इनसोलचा घरात काय उपयोग? शेवटी फक्त घरात वापरायला एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल आणली, मागे पट्टा असलेली. सासूबाईंना सुरुवातीला स्वयंपाकघरात चप्पल पटेना. बाहेर कधीच न घातलेली नवी जोडी त्यांच्या हातात दिली, तेव्हा तयार झाल्या. ती पलंगाखालीच असते, सकाळचं पहिलं पाऊलसुद्धा चपलेतच. तिला खरा फरक तिथून पडला.

प्रतिसाद ३
सँडलचंच बघा आधी. त्यात सुटा इनसोल बसत नाही, तेव्हा कमानीला आधार असलेली, मागे पट्ट्याची सँडलच घ्या. दुकानात हातात घेऊन वाकवून पाहा. बोटांपाशी वाकली तर ठीक, मधोमध दुमडली तर परत ठेवा.

जोडीला व्यायाम हवाच. उठण्याआधी पलंगावरच पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून धरायची. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला, तीस सेकंद. असं तीन वेळा.

प्रतिसाद ४
कळकळीची विनंती, घरात कुणाला मधुमेह असेल तर हे वाचून परस्पर इनसोल आणू नका. माझ्या वडिलांच्या तळव्याला संवेदना कमी होती. नव्या इनसोलची कड अंगठ्याखाली घासत राहिली आणि त्यांना कळलंच नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा जखम झालेली होती. भरायला अडीच महिने लागले. अशांनी मापाचेच करून घ्यावेत, तेही डॉक्टरांना पाय दाखवून. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत असं काम होतं. आणि रोज रात्री तळवे बघायचे.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मधुमेह नाही, मागच्याच महिन्यात तपासलंय. घरात मी अनवाणीच असते, स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या शाळेतून येताना आधी घरातली चप्पल घेते, मग सँडल. मापाच्या इनसोलचं तूर्त थांबवते. दीड महिन्याने इथेच कळवीन.