पश्चिम घाटातल्या दरडी: शास्त्राचे ऐकायचे कोणी आणि ठरवायचे कोणी?

चर्चेचा विषय

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला निघालेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसले नाही. रोजच्या वळणापुढे जिथे घरे असायची तिथे चिखलाचा डोंगर उभा होता, आणि त्याने खबर दिली तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला कळले की डोंगराने जवळजवळ अख्खे गाव पोटात घेतले आहे. १५१ माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, वायनाडमधल्या मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्या वाहून गेल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे दगावली. मधल्या काळात महाड तालुक्यातले तळीये (२०२१) आणि खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी (२०२३) ही नावे आपण वाचली, हळहळलो आणि विसरलो.

वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी दोन गोष्टी घडल्या. राज्यसभेत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी सांगितले की केरळला २३ जुलैलाच सावध केले होते. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी उत्तर दिले की हवामान खात्याने दुर्घटनेआधी वायनाडला लाल इशारा दिलाच नव्हता. चिखलातून मृतदेह निघत असताना इशारा कोणी कोणाला दिला यावर वाद रंगला होता. त्याच दिवशी केंद्र सरकारने घाटातले सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवणारी मसुदा अधिसूचना पुन्हा काढली. तो सहावा मसुदा होता. पहिला मार्च २०१४ चा, म्हणजे माळीणच्याही आधीचा.

मुळात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हा संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याच्या तीन श्रेणी पाडल्या होत्या आणि ज्या मेप्पाडी परिसरात वायनाडची दुर्घटना झाली त्याचेही नाव संवेदनशील ठिकाणांत घेतले होते. सरकारने तो अहवाल दडवून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई होऊन २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले, आणि तेवढेही अजून मसुद्यातच आहे.

यासाठी केवळ पुढाऱ्यांना दोष देऊन मला समाधान होत नाही. शास्त्र शक्यतेच्या भाषेत बोलते: या उतारावर, इतका पाऊस झाला तर, असे होऊ शकते. आपल्या मनाला मात्र आज हातात पडणारे कळते. पुढच्या वीस वर्षांत कधीतरी येणारे संकट त्याला शिवत नाही. पुढारी आपलीच नाडी ओळखून वागतात. केरळमधल्या इडुक्कीचे तेव्हाचे खासदार पी. टी. थॉमस यांनी गाडगीळ अहवालाची बाजू घेतली, त्यांच्या मतदारसंघात अहवालाविरुद्ध हरताळ झाले, आणि २०१४ च्या निवडणुकीत त्यांना पक्षाने उमेदवारी दिली नाही. यातून बाकीच्यांनी कोणता धडा घेतला असेल?

म्हणून माझे मत असे आहे की घाटातल्या उतारांचा निर्णय मतांवर अवलंबून असणाऱ्या कोणाच्याही हाती ठेवू नये, मग तो आमदार असो की ग्रामसभा. शास्त्रज्ञांच्या स्वतंत्र प्राधिकरणाला बंधनकारक अधिकार द्यावेत.

प्रतिसाद १

मी दोडामार्ग तालुक्यातला आहे आणि आपल्या शेवटच्या परिच्छेदाने मला खरोखर वाईट वाटले. गाडगीळ अहवालाचा कैवार घेऊन आपण त्या अहवालाच्या गाभ्यालाच नकार दिला आहे. गाडगीळ सर्वत्र सांगत आले की समितीने आखलेल्या सीमा हा प्रस्ताव आहे आणि अंतिम निर्णय ग्रामसभांपर्यंत जाऊन, त्यांचे ऐकून व्हावा. कस्तुरीरंगन समितीवर त्यांचा एक मुख्य आक्षेप हाच होता की स्थानिक लोकांना निर्णयात स्थान नाही.

आता लोक स्वभावानेच अदूरदर्शी असतात या आपल्या गृहीतकाकडे येतो. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी आपले क्षेत्र संवेदनशील घोषित करावे असे ठराव केले. हे ठराव करणारी माणसे काजू, सुपारी आणि नाचणीवर जगणारी होती, आणि खाण आली की आधी पाण्याचा झरा जातो हे शेजारच्या गोव्यात त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांना कोणी व्याख्यान द्यावे लागले नाही.

सामायिक कुरण माणसे स्वार्थापोटी ओरबाडून संपवणारच, असे अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले आणि जगभरच्या वनखात्यांना ते फार सोयीचे वाटले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे देशोदेशीची जंगले, मासेमारी आणि पाण्याचे पाट अभ्यासून दाखवले की नियम स्वतः ठरवण्याचा आणि मोडणाऱ्याला आवरण्याचा हक्क असेल तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या सामायिक संपत्ती टिकवतात. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपण मनुष्यस्वभाव म्हणून जे सांगता तो हक्क काढून घेतलेल्या माणसाचा स्वभाव आहे.

विरोध झाला हे खरे. आमच्या वाडीतही कोणीतरी पसरवले होते की आता घराची कौले बदलायलाही दिल्लीची परवानगी लागेल. अहवालात तर पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक श्रेणीतही स्थानिक लोकसंख्येच्या वाढीपुरता वस्तीचा विस्तार करायला मुभा होती. बंदी होती ती नव्या खाणींना. पण अहवाल इंग्रजीत, आणि अफवा मालवणीत. लोकांनी काय ऐकायला हवे होते?

प्रतिसाद २

मी रायगड जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतल्या शाळेत अकरा वर्षे शिकवले. वाद वाचताना मला एक भिंत आठवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी न्हाणीच्या मागच्या बाजूला जोत्यापासून छपरापर्यंत भेग गेली होती, करंगळी आत जाईल एवढी. दर मेमध्ये तिची आजी त्यात शेण-मातीचा गिलावा भरून वरून हात फिरवायची, आणि दर श्रावणात ती भेग पुन्हा उघडायची. मी म्हटले, "आजी, डोंगर सरकतोय." ती म्हणाली, "गुरुजी, मलाबी दिसतंय. पन म्हशी घिऊन कुटं जाऊ?"

जूनमध्ये नोटीस यायची की अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. सुरक्षित स्थळ म्हणजे माझी शाळा, दोन खोल्या आणि एक संडास. गुरांचे काय, आवण नुकतेच लावलेल्या शेताचे काय, याबद्दल नोटिशीत एक ओळही नसे. तेव्हा धागाकर्त्यांना मी नम्रपणे विचारतो की या आजीला धोका कळत नव्हता असे आपण म्हणाल का? तिला तो आपल्यापेक्षा नीट कळत होता. माळीणच्या लोकांना नवे गाव मिळाले ते दुर्घटनेनंतर, २०१७ मध्ये, आणि पहिल्याच पावसात तिथल्या रस्त्यांना आणि बांधकामांना तडे गेल्याच्या बातम्या आल्या.

प्रतिसाद ३

मी भूशास्त्राचा विद्यार्थी आहे. दोन्ही बाजूंनी शास्त्राला जेवढी खात्री बहाल केली आहे तेवढी त्याच्याकडे नाही, म्हणून लिहितो. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारने विधिमंडळातच सांगितले. तिथे खाण नव्हती, आणि मोटारीचा रस्ताही नव्हता. बचाव पथके पायी चढून गेली आणि यंत्रे वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. गाडगीळ अहवाल शब्दशः लागू झाला असता तरी ती वाडी वाचली असती असे मी म्हणू शकत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडप्रवणतेचे जे नकाशे केले ते १:५०,००० प्रमाणाचे आहेत. त्यावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर, आणि अशी वाडी त्यावर टिंबाएवढी. सह्याद्रीत काळ्या कातळावर झिजलेल्या दगडमातीची चादर असते. पाणी मुरत जाऊन कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की ती चादर कातळावरून सुटते. कोणती चादर किती पाण्याला सुटेल हे सांगायला त्या विशिष्ट उतारावर मातीची जाडी आणि निचरा मोजावा लागतो. शिवाय पाऊसही बदलला आहे. जुलै २०२१ मध्ये, तळीयेची दरड कोसळली त्या सुमारास, महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. जे प्राधिकरण धागाकर्त्यांना हवे आहे ते हाच अपुरा नकाशा हाती घेऊन बंधनकारक हुकूम काढेल.

धागाकर्त्यांचे उत्तर

ग्रामसभेबाबत माझी चूक झाली हे मान्य करतो. गाडगीळांच्या भूमिकेशी विसंगत असे मी लिहिले आणि त्यांच्याच नावाचा आधार घेतला, हे योग्य नव्हते. गुरुजींची आजीही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तरीही एक मुद्दा मी सोडणार नाही. उताराला गावाची शीव कळत नाही. वरच्या गावाच्या ग्रामसभेने रिसॉर्टसाठी डोंगर कापायला संमती दिली आणि माती खालच्या वाडीवर आली, तर खालच्यांनी कोणाकडे जायचे? त्या २५ गावांनी शहाणपणाचा ठराव केला याचा मला आनंद आहे, पण आज लोणावळ्यापासून सावंतवाडीपर्यंत जमिनी विकणारेही स्थानिकच आहेत आणि विकत घेणारे आम्ही पुण्या-मुंबईचे लोक आहोत. पैसा समोर आल्यावर ठराव फिरणार नाहीत असे प्रतिसादकर्ते छातीठोकपणे सांगू शकतील का?

प्रतिसाद १ चे प्रत्युत्तर

नाही सांगू शकत. आमच्याकडेही विकल्या गेल्या आहेत. मात्र एकेका सातबाऱ्यावरची सही दलाल घरात बसून मिळवतो आणि ग्रामसभेचा ठराव चारचौघांत उघड्यावर होतो, एवढा फरक आपण लक्षात घ्यावा. खालच्या गावाला वरच्या गावाच्या ठरावावर हरकत घेता यावी, ही मागणी मी मनापासून मान्य करतो आणि कायद्यात ती हवीच.

भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने जे मोजायला हवे म्हटले त्याबद्दल एक सांगतो. वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या संस्थेने जिल्हाभर लहान लहान पर्जन्यमापकांचे जाळे उभारले होते, आणि त्या नोंदींवरून दुर्घटनेच्या आदल्या दिवशी दरडीचा इशारा दिला होता. पावसाचा असा आकडा रोज गावात फळ्यावर लिहिला गेला आणि अमुक मिलिमीटरला घर सोडायचे हे ग्रामसभेने आधीच ठरवले असेल, तर रात्री दोन वाजता कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागणार नाही. गुरुजींनी विचारलेला म्हशींचा प्रश्न त्या ठरावात पहिला असेल, कारण गोठ्याची सोय झाल्याशिवाय आमच्याकडचे कोणीही घर सोडणार नाही.