तालुक्यातली २१ किमी धाव, ५०० धावक, निधी डायलिसिससाठी: पाणी, वैद्यकीय मदत आणि हिशेब कसा बसवावा?

माणदेशी_मार्शल
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीअखेरच्या एका रविवारी तालुक्याच्या गावी अर्धमॅरेथॉन घ्यायचं ठरलंय. घाट चढून माथ्यावर जायचं आणि त्याच रस्त्याने परत, म्हणजे रस्ता साडेदहा किलोमीटरचाच. धावक ५००. सगळं काम स्वयंसेवकांचं, पगारी कुणी नाही. निधी धर्मादाय रुग्णालयातल्या डायलिसिसच्या रुग्णांसाठी आहे. उपचार महात्मा फुले योजनेत होतात, पण आठवड्यातून तीनदा येण्याजाण्याचं भाडं न परवडल्याने काही जण दोनदाच येतात. पैसा त्या भाड्यासाठीच वापरायचा आहे. पाणी किती लागेल, वैद्यकीय तयारी कमीत कमी किती हवी आणि प्रवेश शुल्क व देणगी यांचा हिशेब कसा ठेवायचा? सुरुवात पहाटे साडेपाचला ठेवली आहे.

घाटवाट
आधी वेळ. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. साडेपाचला सोडायचं असेल तर शिट्टीवर सोडा आणि सूचना आदल्या दिवशी बिब (छातीवर लावायचा क्रमांक) वाटतानाच द्या. माझं मत विचाराल तर सहाला सोडा, सव्वातीन तासांचा कट-ऑफ (धाव संपवायची मुदत) ठेवा आणि सव्वानऊला रस्ता मोकळा करा. घाटात पुरेसा उजेड नसताना उतरणीवर पाय मुरगळतात.

पाणी: दर अडीच किलोमीटरला एक थांबा. माणशी १५० मिलि धरलं तर ५०० जणांना एका फेरीला ७५ लिटर. जाताना-येताना तोच थांबा लागत असल्याने १५०, त्यात सांडलवंड आणि डोक्यावर ओतायचं पाणी धरून १९० च्या आसपास. म्हणजे प्रत्येक थांब्यावर २० लिटरचे दहा जार, वळणाच्या थांब्यावर पाच. पहिल्या थांब्यावर घोळका अजून फुटलेला नसतो. मिनिटाला पन्नासेक माणसं येतात आणि जारच्या तोटीखाली रांग लागते. तिथे दीडशे-दोनशे स्टीलचे पेले आधीच भरून ठेवा. प्लास्टिकचे ग्लास बंदीत आहेत, ते आणूच नका.

पाणी संपतं ते नेहमी शेवटच्या धावकांसाठी, आणि उन्हात सर्वांत जास्त वेळ तीच माणसं असतात. म्हणून प्रत्येक थांब्यावरचे दोन जार स्वीप गाडी (सर्वांत शेवटच्या धावकामागून येणारी) दिसेपर्यंत उघडायचे नाहीत, असं थांबाप्रमुखाला बजावून सांगा. थांबाही स्वीप गाडी पुढे गेल्यावरच आवरायचा.

डॉक्टर_पळतात
वैद्यकीय बाजूवर सविस्तर लिहिते, कारण काटकसर नेमकी इथेच केली जाते.

हृदय थांबल्यावर एईडीला (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राला) होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिराने जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. अशा घटना शर्यतीच्या शेवटच्या चौथ्या भागात जास्त होतात, म्हणून एक एईडी अंतिम रेषेवर हवाच. आणखी दोन मोटरसायकलवर, साधारण ३ आणि ८ किमीला. घाटात धावकांमधून रुग्णवाहिका वर चढायला वेळ खाते, दुचाकी पोहोचते. प्रत्येक थांब्यावर किमान दोघांना छातीवर दाब द्यायचं प्रशिक्षण हवं: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोल. १०८ ला आधी कळवा, पण फक्त तिच्या भरवशावर राहू नका.

उष्माघात: धावक बरळतोय, दिशा चुकतोय, अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर. आधी गार करा, मग हलवा. अंतिम रेषेजवळ माणूस मानेपर्यंत बसेल असा टब, पाणी आणि बर्फाच्या लाद्या तयार ठेवा. कपाळावर धरायचा तापमापक इथे फसवतो, तापमान गुदमार्गानेच घ्यायचं.

ओआरएसचं २१ ग्रॅमचं पाकीट बरोबर एक लिटरला. २० लिटरच्या जारमध्ये वीस पाकिटं, त्या जारला लाल फीत. अंदाजाने घट्ट किंवा पातळ करू नका. उलट धोकाही लक्षात ठेवा: हळू धावणारे प्रत्येक थांब्यावर नुसतं पाणी पीत गेले तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, उलट्या, सुजलेली बोटं दिसली तर सोडियम तपासल्याशिवाय सलाईन लावू नका. "तहान लागेल तेवढंच प्या" हे वाक्य फलकावर लिहा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या कुठल्याही थांब्यावर ठेवू नका. शरीरातलं पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. डायलिसिससाठीच्या धावेत तरी ही चूक नको.

बिबच्या मागे चालू औषधं, ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन पेनाने लिहून घ्या. शर्यत संपवलेल्यांना बसू देऊ नका, पन्नास मीटर चालवत न्या. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते.

चाकमोजणी
मार्ग घड्याळाच्या जीपीएसवर मोजू नका, घाटाच्या वळणांत ते चुकतं. पोलादी टेपने ३०० मीटर सरळ रस्ता आखा, त्यावर सायकल चार वेळा चालवून चाकाचे फेरे मोजा, मग धावकाला मिळेल त्या सर्वांत आखूड रेषेने मार्ग मोजा. उन्हाने टायरची हवा फुगते, म्हणून मोजणी झाल्यावर पुन्हा चार फेऱ्या घ्या. किलोमीटरमागे एक मीटर जादा धरायचा, म्हणजे २१ मीटर. एकूण ४० मीटर कमी भरले तर वळणाचा शंकू २० मीटरच पुढे सरकवा.

खजिनदार_काका
प्रवेश शुल्कातून धावेचा खर्च, देणगीतून रुग्णांचं भाडं. दोन वेगळी खाती, हे पहिल्या दिवसापासून. शुल्काच्या बदल्यात टी-शर्ट, पदक, नाश्ता मिळतो, त्यामुळे त्यावर देणगीच्या करसवलतीची पावती देता येत नाही. देणगी २००० रुपयांवर असेल तर रोख घेऊ नका, देणाऱ्याची करसवलत जाते. भाड्याचे पैसे रुग्णाला एकरकमी देण्यापेक्षा डायलिसिस झाल्याच्या नोंदीवर दर खेपेला द्या. तिसरी खेप वाढली का, तेही त्याच वहीत दिसेल.

माणदेशी_मार्शल
सर्वांचे आभार. सुरुवात सहाला आणतो, एईडीसाठी रुग्णालयाशी बोलतो. काका, गावचे काही जण अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडून देणगी घेता येईल का?

खजिनदार_काका
पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसा स्वतःच्या बचतीतला, बँकेमार्फत आलेला असेल तर चालेल. पासपोर्टची प्रत मागून ठेवा. अमेरिकी नागरिक झालेल्यांची देणगी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं) असलं तरी, परकीय ठरते आणि एफसीआरए या परकीय देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. देणगीच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना ठेवा, नाहीतर पैसे परत करायची धावपळ होते.