स्वतःहून पत्करलेल्या कष्टांतून आनंद खरोखरच मिळतो का?

प्रश्न

गेले तीन महिने मी काही गोष्टी मुद्दाम अवघड करून घेतल्या आहेत: पहाटे थंड पाण्याने अंघोळ, सहाव्या मजल्यावरील कार्यालयात जिन्याने जाणे आणि आठवड्यातून एक दिवस निराहार. थोडी शिस्त अंगी बाणली हे खरे. पण लोक ज्या आनंदाचे वर्णन करतात तो मला अजून गवसलेला नाही. उलट निराहाराच्या दिवशी मी घरच्यांवर खेकसतो, आणि लिफ्टसमोर ताटकळणाऱ्या सहकाऱ्यांकडे पाहून मनात तुच्छता येते, हे कबूल करताना लाज वाटते. माझे काही चुकते आहे, की हा आनंद म्हणजे नुसती समजूत आहे? टाकीच्या घावांचा दाखला कृपया देऊ नये. घाव सोसायचे की नाही हे दगडाला कोणी विचारलेले नसते.

प्रतिसाद १

नुसती समजूत नव्हे. रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार तीव्र भावनेच्या पाठोपाठ तिच्या उलट दिशेची प्रतिक्रिया उभी राहते, मूळ भावना ओसरल्यावरही ती रेंगाळते आणि अनुभव पुन्हा पुन्हा घेतल्यास बळावते. पॅराशूटने उडी मारणारा पहिल्या वेळी भेदरून जातो, तर सरावानंतर जमिनीवर उतरल्यावर बराच वेळ उल्हसित असतो. थंड पाण्याबाबत मात्र सावध राहावे. १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बसलेल्यांच्या रक्तातील डोपामिन, म्हणजे सुखद भावनेशी जोडले जाणारे रसायन, २५० टक्क्यांनी वाढल्याचा, २००० साली प्रसिद्ध झालेला आकडा सर्रास सांगितला जातो. तो दोन मिनिटांच्या अंघोळीला लावता येत नाही. शिवाय अचानक थंड पाणी अंगावर घेतल्याने श्वास अडखळतो आणि रक्तदाब वाढतो, त्यामुळे हृदयविकार असणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये.

प्रतिसाद २

तुमच्या तिन्ही गोष्टी सोसण्याच्या आहेत, शिकण्याची एकही नाही, असे मला वाटते. सहा मजले पहिल्या महिन्यात दम काढतात. नंतर शरीर सरावते आणि उरते ती फक्त सवय. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यॉर्क यांनी १९९४ मध्ये अभ्यासासाठी ‘इष्ट अडचणी’ (शिकणे अवघड करणाऱ्या, पण शिकलेले अधिक टिकवणाऱ्या अडचणी) ही कल्पना मांडली, तिच्यातही शिकणाऱ्याला प्रयत्नाने पार करता येईल अशीच अडचण अभिप्रेत आहे.

मी पन्नाशीत सुतारकाम शिकू लागलो. यंत्राने क्षणात होणारे काम हाताच्या रंध्याने करायचे ठरवले, तेव्हा पहिले दोन आठवडे पाते लाकडात अडकत होते, धागे उपटून येत होते आणि तळहाताला फोड आले होते. मग एके सकाळी, धार नीट लागली म्हणून असेल किंवा मी रेषा ओळखून उलट बाजूने रंधा चालवला म्हणून असेल, खरखर थांबून एक लांब सळसळ ऐकू आली आणि कागदासारखी पातळ, अखंड ढलपी वळत वळत मनगटावर पडली. त्या दिवशी मी जेवायला दोनदा हाक मारूनही उठलो नाही.

प्रतिसाद ३

तुच्छतेविषयी लिहितो, कारण मूळ दुखणे मला तिथे दिसते. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने अठराव्या पत्रात मित्राला काही दिवस अगदी साध्या अन्नावर आणि जाड्याभरड्या कपड्यांत काढायला सुचवले. मात्र यात आपण काही मोठे करतो आहोत असे समजू नकोस, हजारो गुलाम आणि गरीब रोज हेच करतात, अशी जाणीवही त्याने लगेच करून दिली. त्याच्या मते फरक इतकाच की मित्रावर सक्ती नव्हती. तुमच्या निराहाराचा चटका घरच्यांना बसत असेल, तर त्यांच्या वाट्याला आलेले कष्ट सक्तीचेच झाले. तो दिवस सोडून द्यावा.

प्रश्नकर्ता

निराहार आजपासून बंद करतो. घरच्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी लपवता येणार नाही इतक्या घाईने होकार दिला. जिना चालू ठेवीन, पण कोणाला सांगणार नाही. प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांना एक विचारतो: रंध्याच्या पात्याला धार लावायला शिकताना सुरुवात कुठून करावी?