'फ्रॅटर्निटी', 'सोरॉरिटी' आणि 'मिनिस्ट्री' : मराठीत काय लिहावं?

भाषांतरू : अमेरिकेतल्या कॉलेजजीवनावरचा एक मजकूर मराठीत आणतोय. त्यात फ्रॅटर्निटी (मुलांची विद्यार्थी-संघटना) आणि सोरॉरिटी (मुलींची) यांच्यातल्या ख्रिस्ती कामाबद्दल जागोजागी 'ग्रीक मिनिस्ट्री' येतं. यंत्राने इमानेइतबारे 'ग्रीक मंत्रालय' करून दिलं. मजकुरात ग्रीस देशाचा माणूस औषधालाही नाही. फ्रॅटर्निटीला 'बंधुसंघ', सोरॉरिटीला 'भगिनी मंडळ' आणि मिनिस्ट्रीला 'धर्मप्रसार' लिहिलं तर चालेल का?

ओहायोकर : 'भगिनी मंडळ' कृपा करून नको. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हळदीकुंकू आणि पापड-कुरडयांचे स्टॉल उभे राहतील. इथे अमेरिकेत प्रकार वेगळा. सत्राच्या सुरुवातीला निवड चालते, तिला रश म्हणतात. पसंत पडलात तर 'बिड' म्हणजे सदस्य होण्याचं निमंत्रण येतं, मग काही काळ उमेदवारी, मग गुप्त विधी करून सदस्यत्व. वर्गणी भरायची आणि बऱ्याच ठिकाणी संघटनेच्याच घरात राहायचं.

'ग्रीक'चा संबंध फक्त अक्षरांशी. या संघटनांची नावं ग्रीक अक्षरांची, म्हणून त्यांना आणि त्यांच्या सदस्यांना 'ग्रीक' म्हणतात. 1776 मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात 'फाय बीटा कॅपा' निघाली. ही तिच्या ग्रीक ब्रीदवाक्याची आद्याक्षरं. पुढच्यांनी तोच कित्ता गिरवला. गंमत म्हणजे 'सोरॉरिटी' हा शब्द बराच उशिरा आला. 1882 मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी, फ्रँक स्मॉली यांनी, तो 'गॅमा फाय बीटा'च्या मुलींसाठी सुचवला. तोवर मुलींच्या संघटनाही स्वतःला फ्रॅटर्निटीच म्हणवत. 1870 ची 'कॅपा अल्फा थीटा' अधिकृत नावात अजूनही म्हणवते. म्हणजे 'बंधुसंघ' लिहिलंत तर एका बायकांच्या संघटनेलाही तो लावावा लागेल! दोन्ही शब्द देवनागरीत तसेच ठेवा, पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात ओळख करून द्या.

नगरवाला : मी मिनिस्ट्रीपुरतं बोलतो, कारण ते आमच्या घरातलं आहे. 'धर्मप्रसार' हा बाहेरच्यांचा शब्द. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही 'सेवा' किंवा 'सेवाकार्य' म्हणतो. 'तो कॉलेजच्या पोरांमध्ये सेवा करतो' एवढ्याने समोरच्याला सगळं कळतं. नव्या करारातला मूळ शब्द 'डायाकोनिया', त्याचाही अर्थ सेवाच. सुवार्ता सांगणं हा त्यातला एक भाग. बायबल अभ्यास, प्रार्थना, घरापासून दूर खचलेल्या पोराजवळ बसणं हेही त्यातच येतं. 'मिशन'ही टाळा, लोकांना लगेच मिशन हॉस्पिटल आठवतं.

आणि 'ग्रीकांमधील सेवाकार्य' तर अजिबात लिहू नका. मराठी बायबल वाचणाऱ्याला गलतीकरांस पत्रातले 'यहूदी व हेल्लेणी' (हेल्लेणी म्हणजे ग्रीक) आठवतील आणि तो ते पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या काळात जाऊन पोहोचेल.

भाषांतरू : मग 'ख्रिस्ती फ्रॅटर्निटी' सुटसुटीत होईल ना?

ओहायोकर : नाही हो, तिथेच अर्थ फिरतो. ख्रिस्ती फ्रॅटर्निटी ही वेगळीच चीज आहे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातली 'अल्फा गॅमा ओमेगा' 1927 ची, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातली 'बीटा अप्सिलॉन काय' 1985 ची. त्या ख्रिस्ती मुलांनी स्वतःसाठी काढल्या.

तुमच्या मजकुरातलं काम साध्या फ्रॅटर्निट्यांच्या आत चालतं. बिल ब्राइट यांनी 1951 मध्ये यूसीएलएमध्येच 'कॅम्पस क्रूसेड फॉर ख्राइस्ट' ही कॉलेजांत सेवाकार्य करणारी ख्रिस्ती संस्था सुरू केली, आता तिला 'क्रू' म्हणतात. 'इंटरव्हर्सिटी' या तशाच दुसऱ्या संस्थेचीही ग्रीक विद्यार्थ्यांसाठी वेगळी शाखा आहे. अडचण अशी की ही घरं बंदिस्त. बाहेरचा प्रचारक दारात उभा राहिला तर कोण विचारतो? म्हणून सगळी मदार आतल्या सदस्यावर असते. त्याने शर्टावरची संघटनेची ग्रीक अक्षरं काढायची नाहीत, घर सोडायचं नाही, तिथल्याच बैठकीच्या खोलीत चार मित्रांना घेऊन बायबल उघडायचं. शनिवारच्या दारूपार्टीत त्याने काय करायचं, गुप्त शपथ घ्यावी की नाही, यावर ख्रिस्ती लोकांतच मतभेद आहेत. तेव्हा 'फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीतल्या विद्यार्थ्यांमधील ख्रिस्ती सेवाकार्य' असं लिहा. लांबलचक आहे, पण खरं आहे.

भाषांतरू : पटलं. आता 'चॅप्लेन', 'चॅप्टर' आणि 'हेझिंग' राहिले.

ओहायोकर : चॅप्टरला 'शाखा' बिनधास्त लिहा ('अध्याय' नको!). चॅप्लेनला 'पाळक' (चर्चचा धर्मगुरू) मात्र नको. तो बहुधा सदस्यांनीच निवडलेला विद्यार्थी असतो, सभेत प्रार्थना म्हणतो, दीक्षा झालेला धर्मगुरू नव्हे. एखाद्या शाखेत तो मनापासून काम करतो, एखाद्यात पद नुसतं कागदावर. 'प्रार्थनाप्रमुख' कसं वाटतं?

हेझिंगला 'रॅगिंग' जवळचं, पण थोडा फरक आहे. आपल्याकडे रॅगिंग कुठल्याही नवख्याच्या वाट्याला येतं. हेझिंग म्हणजे संघटनेत शिरण्यासाठी सोसायचा छळ. 'प्रवेशाचं रॅगिंग' म्हणा.

नगरवाला : थोडं अवांतर. संघटनेला नाव देताना 'बंधुसंघ' वगैरेच्या वाटेला न जाता कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून. असं नाव सुचायला कवीच लागतो, आपण 'सेवाकार्य'वर समाधान मानू.

भाषांतरू : शेवटची शंका. अनेकवचन 'फ्रॅटर्निटीज' की तुम्ही वर लिहिलंय तसं 'फ्रॅटर्निट्या'?

नगरवाला : कमिटीच्या कमिट्या होतात, युनिव्हर्सिटीच्या युनिव्हर्सिट्या. हिने काय घोडं मारलंय? 'फ्रॅटर्निट्या', 'सोरॉरिट्या'. संपादक कुरकुरला तर त्याला इकडे पाठवा.