आतडं 270 अंश फिरतं म्हणजे नेमकं कसं?

फर्स्टइयर_लातूर
सोमवारी एम्ब्रियोची (गर्भविकासाची) व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. गर्भात मिडगट (आतड्याचा मधला भाग) एसएमएभोवती (त्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीभोवती) घड्याळाच्या उलट 270 अंश फिरतं, हे तोंडपाठ आहे, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. ट्रान्सव्हर्स कोलन (मोठ्या आतड्याचा आडवा भाग) ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) पुढे कसं आलं असं विचारलं की मी गप्प. रूममेट म्हणतो, घोक आणि सोड.

निवृत्त_मास्तर
रूममेटचं ऐकू नकोस. परकराची नाडी आणि पेन्सिल घे. पेन्सिलीचं बूड भिंतीला, टोक तुझ्याकडे. ही एसएमए, आणि नाडी म्हणजे आतडं. नाडी भिंतीपासून पेन्सिलीच्या वरून टोकापर्यंत आण, वळवून खालून परत ने. समोर घड्याळ आहे असं समज: वरचा पदर बारावर, खालचा सहावर.
गर्भाच्या सहाव्या आठवड्यात यकृताने पोटात एवढी जागा अडवलेली असते की हा लूप बेंबीतून नाळेत शिरतो. तिथे वरचा पदर बारावरून नऊवर येतो. हे 90. दहाव्या आठवड्यात आत परतताना नऊवरून सहा, सहावरून तीन. हे 180. म्हणजे वरचा पदर पेन्सिलीखालून गेला आणि खालचा वरून. आलं तुझं कोलन पुढे! सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात, अपेंडिक्स इथेच असतं) सर्वांत शेवटी आत येतं.
(तीन म्हणजे पेशंटची डावी बाजू. इथे दरवर्षी निम्मा वर्ग आपटायचा.)

दोन_वेण्या
मी डॉक्टर नाही, पण माझ्या लेकीचं हे फिरणं अर्ध्यातच राहिलं होतं. चौथ्या दिवशी दुपट्यावर उलटी, पालकाच्या रसासारखी हिरवीगार. घरचे म्हणाले, पित्त असेल. मी ऐकलं नाही. त्याच रात्री ऑपरेशन झालं, लॅड्स प्रोसीजर. सर्जनबाईंनी केसपेपरच्या मागे घड्याळ काढून दाखवलं: अशा आतड्याला पीळ काट्यांच्या दिशेने बसतो, सोडवायचा उलटा. आता लहान आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे, अपेंडिक्स काढलेलं. नऊ वर्षांची आहे, दोन वडापाव सहज पचवते. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट बघू नका.

फर्स्टइयर_लातूर
सर, नाडी नव्हती, हेडफोनच्या वायरने केलं. जमलं! पण चांगलं अपेंडिक्स का काढलं?

निवृत्त_मास्तर
सीकम डावीकडे ठेवल्यावर पुढेमागे अपेंडिक्स सुजलं तर दुखणार डावीकडे, आणि डॉक्टर चाचपणार उजवीकडे. बोस्टनच्या विल्यम लॅडने ही शस्त्रक्रिया 1936 साली मांडली. व्हायवात नाव टाक, परीक्षक खूश होतात.

फर्स्टइयर_लातूर
टाकतो सर. रूममेट आत्ता वायर घेऊन बसलाय. काट्यांच्या दिशेने फिरवलीन, पीळ पडलाय.