दोघांना एकच पुस्तक कशाला?

एका ताईंनी विचारलंय की घरीच शिकवताना मोठ्या मुलाला गणित जमत नाही म्हणून अभ्यासक्रम बदलला तर धाकटीचाही बदलायचा का. अजिबात नको, मी तोच घोळ घातला होता. माझ्या मोठ्याला डिसकॅल्क्युलिया आहे, म्हणजे आकडे आणि गणित समजायलाच जड जातं, त्याला स्पायरल पद्धतीचं पुस्तक, म्हणजे रोज थोडं नवीन आणि बाकी जुन्याची उजळणी, झेपेना, आज वजाबाकी उद्या घड्याळ परवा नाणी, डोक्यात नुसती खिचडी. मग मॅथ-यू-सी हा गणिताचा अभ्यासक्रम आणला, त्यात ठोकळे असतात आणि पुस्तकांची नावं अल्फा, बीटा, गॅमा अशी, इयत्तेचा आकडाच नाही, त्यामुळे दोन पायऱ्या मागे नेलं तरी पोराला कमीपणा वाटला नाही (हे मला सगळ्यात जास्त आवडलं). पण एक लक्षात ठेवा, गॅमा म्हणजे जवळजवळ पूर्ण गुणाकारच, अपूर्णांक थेट एप्सिलॉनमध्ये येतात, म्हणून वय बघून नाही तर प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मूल कुठल्या पायरीवर आहे ते दाखवणारी चाचणी, देऊनच पुस्तक ठरवा. धाकटी मात्र ठोकळ्यांना आठवड्यात कंटाळली, तिला बीस्ट अकॅडमी नावाचं गणिताचं पुस्तक दिलं, कॉमिक्समधले राक्षस गणितं घालतात, ती हसत सोडवते.

आणि हो, घरी मराठीत आकडे म्हणत असाल तर एकोणतीस-एकोणचाळीसला डिसकॅल्क्युलिया असलेली मुलं हमखास अडकतात, २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं आणलं तेव्हा केवढी थट्टा झाली, मीही हसले होते, आता मोठ्याला तसंच शिकवते.