शब्दचर्चा : ‘रिडबल’ला ‘चौपट’ म्हणावं का?

प्रश्न, वाशीहून : आमच्या सोसायटीत ज्येष्ठांना ब्रिज शिकवतोय. सगळे मेंढीकोट खेळून आलेले, त्यामुळे हुकूम, उतारी, भिडू समजावावं लागत नाही. समोरच्यांच्या बोलीला ‘तुम्ही बुडणार’ म्हणून दिलेलं आव्हान तो डबल, त्यावर बोलीवाल्यांनी दिलेलं उलट आव्हान तो रिडबल. डबलला मी ‘दुप्पट’ म्हणतो, रिडबलला ‘चौपट’. परवा ठाण्याला खेळायला गेलो, तर तिथल्या एका जुन्या खेळाडूंनी ‘चौपट शिकवू नका’ म्हणून बजावलं. का बरं?

उत्तर, नौपाड्यातून : बजावणारा मीच, तेव्हा खुलासाही मीच करायला हवा.

‘चौपट’ ऐकलं की माणूस हिशेब करून मोकळा होतो, आणि तो हिशेब चुकतो. इस्पिकाच्या एका हाताचे ३० गुण रिडबलने १२० होतात, इथवर शब्द बरोबर. पण गेमचा, म्हणजे हातांचे शंभर गुण झाल्याचा, बोनस आहे तेवढाच राहतो. व्हल्नरेबल असताना (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे असताना) ४ इस्पिकची बोली, म्हणजे सहावर चार असे दहा हात, पूर्ण केली तर ६२०, डबलमध्ये ७९०, रिडबलमध्ये १०८०. दुप्पटसुद्धा नाही! बुडताना मात्र पहिल्या हाताचे १०० चे ४०० होतात आणि दुसऱ्याचे आणखी ६००.

आता व्हल्नरेबलच, पण १ इस्पिक घ्या. साधे ८०, डबलला १६०, रिडबलला ७२०. नऊपट! हातांचेच १२० झाले, शंभरी ओलांडली, म्हणून गेमचे ५०० मिळाले. रिडबल पूर्ण केल्याचे १०० वेगळे. ‘चौपट’ डोक्यात बसलेला नवा भिडू ४ इस्पिकवर रिडबल ठोकतो आणि १ इस्पिकवर गप्प बसतो.

गेल्या रविवारी आमच्याकडे हेच झालं. जोड्यांचा खेळ होता, ४ इस्पिकवर डबल आला. भिडूने आनंदाने रिडबल मारला, समोरचे घाबरून ५ चौकटमध्ये पळाले. आम्ही डबल केलं, ते व्हल्नरेबल नव्हते, दोन हात बुडाले : ३००. हातातले ७९० गेले. आणि ते १०८० तरी कशाला हवे होते? बाकी टेबलांवर ६२० असताना ७९० लाच पूर्ण मॅचपॉइंट (तेच पत्ते खेळलेल्या बाकी जोड्यांना मागे टाकल्याचे गुण) मिळतात.

टीमच्या सामन्यात थोडा अर्थ आहे. दुसऱ्या टेबलवर ६२० असेल तर ७९० चे ५ इम्प (दोन टेबलांच्या फरकावरून मिळणारे सामन्याचे गुण), १०८० चे १०. दोन्हीकडे एकेक हात बुडाला आणि दुसऱ्या टेबलवर डबल नसेल, तर आपल्या डबलमध्ये ३ इम्प जातात, रिडबलमध्ये ७. म्हणजे ५ जादा मिळवायला ४ जादा पणाला. रबरमध्ये, म्हणजे आधी दोन गेम करेल तो जिंकला या प्रकारात, १ इस्पिकचे ते १२० रेषेखाली, गेमच्या खात्यात, लिहिले जातात, एका बोलीत गेम. तिथे मी बिनधास्त रिडबल करतो.

पुन्हा वाशी : पटलं. पण मग रिडबल ‘दिला’ की ‘मारला’?

नौपाडा : आमच्याकडे दोन्ही चालतं, अर्थ मात्र वेगळे. भिडूच्या १ बदामवर समोरच्याने टेकआउट डबल (आपल्या भिडूला दुसरा रंग बोलायला सांगणारा) दिला आणि तुमच्याकडे पत्त्यांचे दहा-अकरा गुण असतील, तर तुम्ही रिडबल ‘देता’. ती भिडूला दिलेली माहिती. ४ इस्पिकवर ‘मारता’, ते आव्हान. आणि डबल झालेल्या १ किलवरवर, हातात किलवरच नसताना केलेला रिडबल म्हणजे ‘भिडू, इथून बाहेर काढ’. त्या तिसऱ्या रिडबलला ‘चौपट’ म्हणून कसं चालेल?

वाशी : उद्यापासून फळ्यावर ‘रिडबल’च लिहितो, आणि शेजारी ८०, १६०, ७२०.